पळीपळीनं वीज

मित्रांनो, मी एक जुना आणि आता कायमचा बंद पडलेला एसएमपीएस आहे. नाव ऐकून बिचकू नका. तुमच्या घरातल्या किंवा शाळेतल्या कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला एक लोखंडी पेटी असते. तिला छोटा पंखा असतो आणि भिंतीकडून येणारी जाड काळी वायर तिच्यातच खुपसलेली असते. ती पेटी म्हणजे मी. कुणी मला पॉवर सप्लाय म्हणतं. बरेच जण काहीच म्हणत नाहीत, कारण मी तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

भिंतीतून येणारी वीज म्हणजे दुथडी भरून आलेली नदी. कॉम्प्युटरच्या आतले भाग फार नाजूक असतात. त्यांच्या अंगावर ती नदी तशीच सोडली तर ते क्षणात जळून जातील. देवळातले पुजारी घागरभर तीर्थ असलं तरी ते पळीनेच देतात, प्रत्येकाच्या तळहातावर बेताने. माझंही तसंच होतं. ज्याला बारा व्होल्ट हवेत त्याला बारा, ज्याला पाच हवेत त्याला पाच. आणि देताना हात थरथरता कामा नये. हात थरथरला तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची घट्ट वेटोळी बसवली, वीज साठवून ठेवणारे डबे बसवले आणि एक काचेचा बारीक फ्यूज बसवला. मग मला तापलेल्या खोलीत तासन्‌तास पूर्ण ओझ्याखाली चालवून पाहिलं. जे टिकले त्यांच्यावर ठसा उमटला, बाकीचे बाजूला गेले. त्या खोलीतच मला समजलं की वेळ आली तर आपण जळायचं, पण मागच्यांना जळू द्यायचं नाही. आमच्यासारख्यांची घडणच तशी केलेली असते.

तिथून मी सांगलीला धन्यकुमारांच्या दुकानात आलो. धन्यकुमार म्हणजे मऊ बोलणारा, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकणारा जैन माणूस. कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्तही करायचा. मी त्याच्या फळीवर बरेच दिवस होतो. अंगावर रंगीत दिवे नाहीत, खोक्यावर वाघ-सिंह नाहीत. गिऱ्हाईक यायचं, माझ्या शेजारच्याला उचलायचं आणि जायचं.

एका दुपारी एक उंच, ताठ पाठीचा माणूस दुकानात शिरला. पांढऱ्या मिशा, पायात पॉलिश केलेले बूट, पण बोटांची टोकं पिवळीधमक. वाईजवळच्या आपल्या रानातली हळद घेऊन तो सांगलीच्या सौद्याला आला होता. त्याचं नाव लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार.

"कॉम्प्युटरची ती करंटची पेटी पायजे," तो म्हणाला. "आमच्या सूनबाईंच्या कॉम्प्युटरची जळाली. कंपनी तू सांगू नगंस. सगळ्यात जड कुठली हाय ती दाव."

धन्यकुमार हसला. "काका, जड कशाला?"

"आरं, वायरलेस सेट पाठीवर घेऊन डोंगर चढलोय मी. हलकी बॅटरी दगा देती, जड बॅटरी साथ देती. ह्यात काय नवं हाय?"

"तुमचं चूक नाही. चांगल्या पेटीत तांबं जास्त असतं, म्हणून ती जड लागते. पण काका, हे लक्षण आता सगळ्यांना कळलंय. ठकवणाऱ्यांनापण."

लालासाहेबांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांनी एका तळहातावर मला घेतलं आणि दुसऱ्यावर शेजारच्याला. तो शेजारी नवा आला होता. खोक्यावर एक हजार वॉटचा आकडा, पंख्यात निळे-तांबडे दिवे. माझ्यावर नुसते साडेचारशे. हळदीचं पोतं जोखावं तसे त्यांनी दोन्ही हात वरखाली केले. तो माझ्यापेक्षा जड भरला.

"ह्योच," ते म्हणाले.

"काका, थांबा. तो माल मी परवाच घेतलाय, अजून एकही उघडून पाहिलेला नाही. मी स्वतः खात्री देईन ती या साध्या पेटीची. हिची पाच वर्षांची हमी आहे, तपासणीचा ठसा आहे, कुठल्या तारेतून किती वीज मिळणार ते बाजूला लिहिलंय. त्याच्यावर नुसता एक मोठा आकडा आहे. आकडा काय, कुणीपण छापतंय."

लालासाहेब मिशीतल्या मिशीत पुटपुटले. मग फौजी हिशेबाने त्यांनी तोड काढली. "दोन्ही दे. जड कामाला, हलका राखीव. राखीव असल्याबिगर आमी कवा मोर्चावर गेलो न्हाई."

अशा रीतीने, मित्रांनो, मी राखीव म्हणून हळदीच्या रिकाम्या पोत्यात बसून वाईला निघालो.

वाईला घाटाच्या अगदी वर एक दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. खिडकी उघडली की खाली कृष्णा नदी, पायऱ्या आणि कपडे धुण्याचा आवाज. घरात लालासाहेबांची थोरली बहीण चंद्राबाई आणि तिची सून क्रांती. क्रांतीचा नवरा दिग्विजय फौजेत, लांब बर्फात. आमच्याकडच्या पुष्कळ घरांसारखी क्रांती सासूला आत्या म्हणायची. ती घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जोडून द्यायचं काम करायची. म्हणून तिच्याकडे चांगला माइक होता, हेडफोन होते आणि तो कॉम्प्युटर होता.

पण या वेळी काम लग्नाचं नव्हतं.

वाईला थंडी सरता सरता कृष्णामाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने येतो. देवी माहेराला येते, तिची ओटी भरतात, मग पालखी निघते. चंद्राबाईंच्या घाटावर त्या वेळी बायका काही गाणी म्हणत. ती कुठल्या पोथीत नव्हती. मनुबाई नावाच्या एका म्हातारीच्या तोंडून ती चंद्राबाईंकडे आली होती. मनुबाई गेली. आता ती सगळी गाणी एकट्या चंद्राबाईंना येत होती. बाकीच्या बायका नुसती साथ धरायच्या.

आणि चंद्राबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. आवाज पहिल्यासारखा राहणार नाही, कदाचित राहणारच नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तोवर बोलणं जवळजवळ बंद. रोज गायचं झालं तर एखादं गाणं, तेही हळू. एकदा गायलेलं पुन्हा गायला आवाजाची पुंजी उरणार नव्हती.

तेव्हा त्या घरात काय पणाला लागलं होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

क्रांतीने फोनवर एक गाणं भरून पाहिलं होतं. चंद्राबाईंचा आवाज आधीच बारीक झालेला, तो फोनवर पत्र्यासारखा वाजायचा आणि घाटावरच्या स्पीकरला लावला तर नदीच्या वाऱ्यात विरून गेला असता. म्हणून माइक हवा आणि माइकसाठी कॉम्प्युटर हवा. नेमका त्याच आठवड्यात त्याचा एसएमपीएस गेला होता.

क्रांतीने जडशीळ शेजाऱ्याला कॉम्प्युटरमध्ये बसवलं. निळे-तांबडे दिवे लागले. मी खोक्यासकट माळ्याच्या फळीवर गेलो. खोक्याच्या फटीतून मला अर्धी खोली दिसत होती.

पहाटे देवपूजा आटोपून चंद्राबाई आल्या. केस अजून ओले, कपाळावर ताजं कुंकू. कितीही दुखणं असो, तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. माइकसमोर बसण्याआधी त्यांनी त्यालाही हात जोडले.

"आत्या, तो देव नाही," क्रांती हसून म्हणाली.

"ऐकतोय न्हवं?" चंद्राबाई कुजबुजल्या. "मग झालं तर."

त्या गाऊ लागल्या.

आली माहेराला कृष्णा, हिला बसाया पाट द्या,
दमून आली वाटेनं, हिला पाण्याचा तांब्या द्या.

गाणं संपल्यावर क्रांती म्हणाली, "आत्या, नदीलाच पाण्याचा तांब्या?"

"माहेरवाशिणीला पाणी देत्यात," चंद्राबाई म्हणाल्या. "ती कोन हाय ते बघत न्हाईत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू शीक की गं ही गाणी."

"माझा आवाज म्हणजे चिरकलेला भोंगा, आत्या. यात भरून ठेवलं की झालं. कायमचं राहील."

तिने हेडफोन कानाला लावले. आणि मी फळीवरून तिचा चेहरा पाहिला.

आवाजाच्या खाली एक घूं... घूं... असा नाद भरून आला होता. बंद खोलीत भुंगा अडकावा तसा. मला लगेच कळलं. माझा जड शेजारी पळी धरत होता, पण त्याचा हात थरथरत होता. वीज सांडत होती, आणि ती सांडलेली वीज माइकच्या तारेतून गाण्यात मिसळत होती. मी तर खोक्यात होतो. ओरडणार कसा?

क्रांती सबंध दिवस तो घूं काढायला बसली. तो काढायला गेलं की त्याच्याबरोबर चंद्राबाईंचा आवाजही निघून जायचा. पाट उरायचा, तांब्या जायचा. पहिलं गाणं तसंच डागाळलेलं राहिलं. तिने सासूला काही सांगितलं नाही. पण जिने आयुष्यभर माणसांची तोंडं वाचली, तिला काय सांगायचं राहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी क्रांतीने माइकची वायर बदलली, प्लग बदलला, फ्रिज बंद केला. लालासाहेब म्हणाले, "नदीचा वारा आसंल त्यो."

"मामा, वारा असा एका सुरात घुमत नाही."

चंद्राबाईंनी ओटी भरण्याचं गाणं धरलं. ते अर्ध्यावर आलं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडदा काळा, मग निळा. गाणं हवेतच राहिलं. चंद्राबाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पदर तोंडाला लावला. पदर खाली घेतला तेव्हा त्यांनी तो घाईघाईने दुमडून लपवला.

क्रांतीने ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काहीतरी चुकतेय, आत्या. तुमचं एकेक गाणं मी वाया घालवतेय."

तो सोमवार होता. सोमवारी चंद्राबाईंचं मौन असे, कित्येक वर्षांचं. गाणं तेवढं देवीचं म्हणून त्यांनी गायलं होतं. आता त्या बोलणार नव्हत्या. त्या उठल्या, कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले. मग वाकून मागच्या पेटीजवळ नाक नेलं आणि तोंड वाकडं केलं. करपट वास येत होता. मग त्या आत गेल्या आणि एक हळकुंड घेऊन आल्या.

भावासमोर उभं राहून त्यांनी ते कटकन मोडलं. आतला केशरी रंग त्याच्या डोळ्यांपुढे धरला. मग मोडलेल्या तुकड्याने त्या पेटीकडे बोट केलं.

लालासाहेबांची मान खाली गेली. हळदीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कुणी बोट लावत नाही. आणि त्यांनी सांगलीच्या पेठेत, हळदीची पिवळी बोटं घेऊनच, एक वस्तू नुसती जोखून आणली होती.

"आक्का, तुझं खरं हाय," ते म्हणाले. "मोडूया."

"मोडायची नाही, मामा," क्रांती घाईने म्हणाली. "वायर काढली तरी तिच्या पोटात वीज राहते, हात लावला तर जीव जाईल. नुसती बॅटरी मारून जाळीतून बघू."

तिने वायर काढली, पेटी डब्यातून सोडवून खिडकीशी आणली आणि पंख्याच्या जाळीतून बॅटरीचा झोत टाकला. तिघेही वाकून बघू लागले. तांब्याची वेटोळी असायला हवी होती तिथे जेमतेम दोन बोटांएवढीच जागा भरली होती. उरलेल्या जागेत, पेटीच्या तळाला, एक करडा ठोकळा चिकटवलेला होता.

"ह्ये काय, दगूड?" लालासाहेब म्हणाले.

"सिमेंट," क्रांती म्हणाली. "वजनासाठी घातलंय."

 मग लालासाहेब हळूच म्हणाले, "घराच्या पायात घालाय आणला आसता तर बरा हुता."

चंद्राबाईंना हसू आलं. मौन होतं म्हणून त्या नुसत्या खांदे हलवून हसल्या आणि हसता हसता त्यांनी गळ्याला हात लावला. ते पाहून बाकी दोघांचं हसू जागीच विझलं.

"मामा," क्रांती म्हणाली, "राखीव काढा."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मला आधी जाळीतूनच तपासलं, मग बसवलं. वायर लागली आणि नदी माझ्यावर आली. मी ती थोपवली आणि पळी पुढे केली. ज्याला बारा त्याला बारा, ज्याला पाच त्याला पाच.

क्रांतीने हेडफोन लावले आणि डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. नुसती शांतता, आणि तिच्या तळाशी खालच्या पायऱ्यांवर लागणारं पाणी.

त्या शांततेत चंद्राबाई रोज एक गाणं ठेवत गेल्या. न्हाण्याचं, ओटीचं, पाळण्याचं. डागाळलेलं ते पहिलं गाणंही त्यांनी हट्टाने पुन्हा म्हटलं. क्रांती नको नको म्हणत होती. आवाज रोज थोडा उतरत होता. उंच सूर यायचा तिथे नुसती हवा यायची. मी जीव मुठीत धरून बसायचो. आज तार तुटू नये, आज वीज जाऊ नये.

"सगळं एकाच जागी हाय व्हय?" लालासाहेबांनी एकदा विचारलं. "राखीव कुठाय?"

"शेवटचं गाणं झालं की सगळ्यांची एकदम कॉपी काढते, मामा. आता हलवाहलव नको."

त्यांना ते पटलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. सारी गाणी माझ्या शेजारच्या हार्ड डिस्कमध्ये होती. फिरती तबकडी आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारा काटा. विजेचा एक उलटा फटका बसला की तबकडी मुकी. आणि अशा वेळी सांभाळून घेणारा घरातला यूपीएस बॅटरी संपल्यामुळे वर्षभर नुसता पाय ठेवायला वापरात होता.

सांगलीला निघायच्या आदल्या सकाळी शेवटचं गाणं उरलं. निरोपाचं. ते म्हटल्याशिवाय पालखी उठत नाही. शेजारच्या घाटाचा उत्सव आमच्या आधी होता. तिथे मांडव घालायचं काम चाललं होतं. शिड्या, बांबू, दिव्यांच्या माळा. क्रांतीने खिडकी लावली. फोन माइकजवळ असला की टिकटिक येते, म्हणून सगळे फोन खालच्या जिन्यात ठेवले.

चंद्राबाईंनी डोळे मिटले. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की गातायत की सांगतायत, कळत नव्हतं. पण सूर हलला नाही.

नेसव गं माये, हिरवी पैठणी,
भर गं माये, तांदळाची ओटी...

मला भिंतीकडून काहीतरी चुकीचं येताना जाणवलं. वीज एकदम खाली गेली, मग वर आली. बाहेर कुणीतरी ओरडलं, "आरं, शिडी धर! तार हलली खांबाची!" डोक्यावरचा पंखा घरघर करत वेड्यासारखा फिरू लागला. दिवा पांढराफटक झाला.

परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, तुटली की दोन घरांची वीज एकाच घरावर कोसळते, मित्रांनो. नदी नव्हे, धरण फुटावं तसं.

चंद्राबाई गातच होत्या.

जा गं माये, भरल्या ओटीनं...

आणि ते सगळं माझ्यावर आलं.

माझी पहिली ढाल फुटली. पोटातला वीज साठवणारा एक डबा फुगून तडकला. त्या एका क्षणात मी पुढे जाणारी प्रत्येक वाट बंद केली. त्या पुरातलं बारा नाही, पाच नाही, कुणालाच काही नाही. काचेचा फ्यूज गेला. त्यानंतर पोटात जी थोडी स्वच्छ वीज साठवलेली होती, ती मी हार्ड डिस्कला दिली. पापणी लवेल एवढीच होती. पण तेवढ्यात काटा तबकडीवरून उचलला गेला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

फट्‌! दिवा फुटला. शेजारच्या घरातून टीव्ही जळाल्याची ओरड झाली. माझ्यातून धूर निघाला.

आणि त्या धुरात चंद्राबाईंनी गाणं पुरं केलं. शेवटची ओळ त्यांनी म्हटली. ती भरून घ्यायला कुणी नव्हतं.

क्रांती जमिनीवर बसली होती. "गेलं सगळं," ती म्हणत होती. "माझ्यामुळं गेलं." चंद्राबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना बोलायचं होतं. ओठ हलले. पण त्या दिवसाचा आवाज संपला होता.

दुसऱ्या दिवशी तिघेही सांगलीला निघाले. सातारा, कऱ्हाड मागे टाकत एसटी चालली होती. मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन लालासाहेब खिडकीशी बसले होते. खड्डा आला की ते डबा अलगद उचलून धरत. मी आत काळाठिक्कर पडलो होतो, पण शेजारच्या तबकडीला कान लावून होतो. ती जिवंत आहे की नाही, मलाही माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी चंद्राबाईंना आत नेलं. दिग्विजयला सुट्टी मिळाली होती, तो दवाखान्यात थांबला. जाताना चंद्राबाईंनी क्रांतीचा हात धरला आणि दाराकडे मान हलवली. जा, बघून ये. म्हणून क्रांती आणि लालासाहेब डबा घेऊन धन्यकुमारांच्या दुकानात आले.

"काका, तो सिमेंटवाला माल मी सगळा परत पाठवला," धन्यकुमार आधी तेच बोलला. "तुम्ही फोन केलात त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. उघडून बघितल्याशिवाय मी तो फळीवर ठेवायला नको होता."

"तुझं न्हाई, माझं चुकलं," लालासाहेब म्हणाले. "तू सांगत हुतास, मी जोखत हुतो. आता ह्ये बघ."

धन्यकुमारने मला बाहेर काढलं, वास घेतला, जाळीतून पाहिलं. "यानं सगळं अंगावर घेतलंय," तो हळू म्हणाला. "आता याच्यामागे काय राहिलंय बघू."

त्याने हार्ड डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. क्रांतीने पदराचं टोक दातात धरलं होतं. लालासाहेब सावधान उभे होते. आधी काहीच नाही. मग एक बारीक सुर्र असा आवाज आला. तबकडी फिरली. धन्यकुमार बराच वेळ काहीबाही करत राहिला आणि मग त्याने हेडफोन क्रांतीच्या हातात दिले.

तिने ऐकलं. पाट, तांब्या, न्हाणं, पाळणा. सगळं होतं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती मान डोलावत होती. मग शेवटचं गाणं लागलं आणि तिची मान थांबली.

"काय झालं?" लालासाहेबांनी विचारलं.

"जा गं माये, भरल्या ओटीनं... इथं तुटलंय. पुढची ओळ नाही."

लालासाहेबांचा चेहरा पडला. "म्हंजे नुसतं 'जा'वर थांबलं?"

आमच्याकडे घरातून निघणारा माणूसही जातो म्हणत नाही, मित्रांनो. येतो म्हणतो. माहेरवाशिणीला नुसतं जा म्हणून कोण पाठवणार? आणि ही तर देवी.

ऑपरेशन चांगलं झालं. चंद्राबाई वाचल्या. आवाज गेला. नुसता श्वासाचा आवाज उरला.

आमच्या घाटाचा उत्सव आला. कॉम्प्युटरमध्ये आता नवा एसएमपीएस होता, माझ्याच कंपनीचा, जाळीतून तपासून घेतलेला. गाण्यांच्या तीन कॉपी निघाल्या होत्या. एक तर लालासाहेबांच्या फौजी ट्रंकेत कुलूपबंद होती. मला कुणी टाकलं नव्हतं. मी खिडकीच्या फळीवर होतो, आणि खिडकी उघडी होती.

घाटावरच्या स्पीकरमधून चंद्राबाईंचा आवाज नदीवर पसरला. स्वच्छ, बारीक, न थरथरता. खालच्या बायका साथ धरत होत्या. मी एकेक गाणं मोजत होतो, कारण मला माहीत होतं ते कुठे थांबणार. चंद्राबाई खाली पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. क्रांती स्पीकरच्या मशीनजवळ होती; तुटलेली ओळ साथीच्या बायका उचलतील, अशी तिला आशा होती.

पालखीला खांदे लागले. निरोपाचं गाणं सुरू झालं.

जा गं माये, भरल्या ओटीनं...

आणि शांतता.

किती लांबली ती शांतता! नदीचं पाणी पायऱ्यांना लागलेलं ऐकू येत होतं. पुजारी थांबले. खांदेकरी थांबले. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांना साथ ठाऊक होती, ओळ नव्हती. कुणीतरी कुजबुजलं, "आता गं? पालखी कशी उठायची?" चंद्राबाई उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. नुसती हवा आली.

त्यांनी वळून क्रांतीकडे पाहिलं.

मला वरून क्रांती दिसत होती. तिने मशीनवरचा हात काढला. दिवसेंदिवस हेडफोन लावून ती ही गाणी ऐकत बसली होती, घूं काढताना, तुकडे जोडताना, रडताना. शेवटची ओळ तर तिने त्या धुरात एकदाच ऐकली होती. तिला वाटत होतं गाणी मशीनमध्ये आहेत. ती उघड्या गळ्याने, खरोखर चिरकलेल्या भोंग्यासारखी, गायली.

ये गं माये, भरल्या पाण्यानं.

 मग चंद्राबाईंनी टाळी वाजवून ताल धरला, बायकांनी ती ओळ उचलली आणि पालखी उठली.

मित्रांनो, त्यानंतर क्रांतीने त्या तुटलेल्या गाण्याला ती ओळ मशीनवर जोडली नाही. लालासाहेबांनी विचारलं तर म्हणाली, "राहू दे तसंच. दर वर्षी कुणीतरी उभं राहून म्हणायला पाहिजे." आता घाटावरच्या चार पोरी संध्याकाळी तिच्याकडे गाणी शिकायला येतात. चंद्राबाई बोटाने ताल धरतात आणि चुकलं की नुसत्या बघतात. तेवढ्यानं पोरी पुन्हा पहिल्यापासून म्हणतात.

उद्या लालासाहेब नवी हळद घेऊन सांगलीला निघाले आहेत. माझ्यासारख्या जळालेल्या वस्तू उकिरड्यावर टाकायच्या नसतात, म्हणून ते मला धन्यकुमारांकडे देणार आहेत. तो मला नीट मोडणाऱ्यांकडे पाठवेल. आज सकाळी चंद्राबाईंनी पूजा झाल्यावर माझ्या तडकलेल्या पत्र्याला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले.

तुम्ही कॉम्प्युटर घ्याल तेव्हा पडदा बघाल, रंग बघाल. पण त्या मागच्या पेटीसाठीही थोडा वेळ काढा. दिव्यांना भुलू नका, मोठ्या आकड्याला भुलू नका, नुसत्या वजनालाही भुलू नका. हमी विचारा, ठसा बघा, बाजूला काय लिहिलंय ते वाचा, जाणत्याला विचारायला लाजू नका. जे जपायचं आहे त्याची दुसरी प्रत आजच काढा, शेवटच्या गाण्यापर्यंत थांबू नका. आणि एखादी प्रत स्वतःच्या गळ्यातही असू द्या. तिला वीज लागत नाही.

माझ्या पोटातलं तांबं मात्र खरं होतं. ते वितळेल, कुठल्यातरी नव्या पेटीत वेटोळं होऊन बसेल, पुन्हा पळी धरेल. हळदीच्या पोत्यावर आता माझी जागा झाली आहे, लालासाहेब दोरी आवळत आहेत.

येतो, मित्रांनो.